माप घेतलेला माणूस

शीतगृहाच्या फाटकावर पाटी पुन्हा लागली होती. शिवलेले कपडे गिऱ्हाइकाकडे पोचवून आई त्याच रस्त्याने परत येत होती. तिला वाचायला वेळ लागत असे, म्हणून ती थांबली आणि अक्षर अक्षर जुळवत गेली. यंत्रावर माणूस पाहिजे. बर्फाच्या कारखान्याचा अनुभव हवा. लगेच भेटा.

"कुणासाठी, मावशी?" पहारेकऱ्याने विचारले.

"कुणासाठी नाही," आई म्हणाली आणि चालू लागली. थोडे पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आले की आपण रिकामी पिशवी छातीशी घट्ट धरली आहे.

तिच्या मुलाचे माप याच फाटकाच्या आत घेतले होते. त्याला महिना होत आला होता.

घरी आली तेव्हा दुकानाची एक फळी लावलेली होती. म्हणजे माणसे जमली होती. घराची पुढची खोली हेच तिच्या नवऱ्याचे, मास्तरांचे, शिवणकामाचे दुकान, आणि कापायच्या टेबलाभोवती बसल्याशिवाय या घरात कधी काही ठरले नाही. ताईचे लग्न तिथेच ठरले होते. मास्तर गळ्यात टेप अडकवून त्यांच्या स्टुलावर बसले होते. शेजारी मुलगा, मान खाली घालून टेबलावरच्या खडूच्या रेघा पुसत होता. लहानपणापासून तो इतका कमी बोलायचा की घरात त्याला घुम्याच म्हणत. खरे नाव शाळेच्या दाखल्यावर राहिले. सून भिंतीकडेला, कापडाच्या गठ्ठ्यावर पाय ठेवून बसली होती. तिचे दिवस भरत आले होते. मोठी मुलगी, ताई, आणि जावई नुकतेच आले असावेत. जावयाच्या कपाळावर अजून घाम होता.

"या आई, या," जावई म्हणाला. "कोर्ट भरलंय. आरोपी काही बोलत नाही."

"आरोपी जन्मल्यापासून बोललेला नाही," आई म्हणाली. "रडायलासुद्धा उशीर केला होता त्यानं."

सगळे हसले. आईही हसली, आणि पाटीची गोष्ट तिने गिळून टाकली. आत्ताच कशाला, असे तिला वाटले. मास्तरांच्या चेहऱ्यावर आज जरा उजेड होता.

कोर्ट भरायचे कारण सगळ्यांना ठाऊक होते. गाडीने पुरा एक दिवस लागतो अशा बंदरावर मासळीचे एक जुने शीतगृह होते. तिथल्या माणसाने सकाळी फोन करून सांगितले होते की आज कार्यालय बंद व्हायच्या आत हो किंवा नाही कळवा. हो असेल तर उद्या रात्रपाळीला हजर व्हा. नाही म्हणालात तर पुन्हा फोन करू नका. आणि कालच गावातल्या या नव्या शीतगृहाचा निरोप आला होता, की परवा सकाळी मूळ प्रमाणपत्रे घेऊन या. बंदराला गेला तर परवाचे बोलावणे हुकणार. परवासाठी थांबला तर बंदर जाणार.

"यात ठरवायचं काय आहे तेच मला कळत नाही," मास्तर म्हणाले. "माप झालंय त्याचं."

आईने डोळे मिटले. हे वाक्य गेला महिनाभर ती ऐकत होती.

या घरात टेप ही साधी वस्तू नव्हती. मास्तरांच्या वडिलांनी एकदा एका गिऱ्हाइकाचे कोटाचे माप घेतले, आणि कापडाला कात्री लागायच्या आतच तो माणूस वारला. तरी म्हाताऱ्याने कोट कापला, शिवला, इस्त्री करून टांगून ठेवला. पुढे मेलेल्याचा भाऊ येऊन तो घेऊन गेला. माप घेतलं की शब्द दिला, असे म्हातारा म्हणायचा. मास्तरही तसेच म्हणत आणि तसेच वागत. त्यामुळे शीतगृहवाल्यांनी घुम्याला उभे करून जाड कोटाचे माप घेतले असे कळल्यावर मास्तरांनी संध्याकाळी सगळ्या आळीला सांगितले की पोराला काम लागले. त्यानंतर एका आइस्क्रीमच्या कारखान्याने बोलावले, एका रुग्णालयातल्या वातानुकूलन विभागानेही बोलावले. मास्तरांनी त्याला जाऊ दिले नाही. एकाने माप घेतलेल्या कापडाला दुसऱ्याने कात्री लावायची नसते, असे ते म्हणाले. घुम्या गेला नाही. बाप सांगतो ते ऐकायची त्याची जुनी खोड.

आईने रिकामी पिशवी घडी घालून मशीनखाली ठेवली.

*

"पहिल्यापासून सांग बरं एकदा," जावई म्हणाला. "मला सगळं नीट ऐकू दे. काय काय बोलले, कोण बोललं."

"किती वेळा सांगू, दाजी?"

"अजून एकदा. तुझं काय जातंय? एरवी तुझे शब्द बँकेतच असतात."

घुम्याने वर पाहिले. दाजी आणि तो एकाच बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. एकाच पाळीला, एकाच यंत्रावर. त्या मैत्रीतूनच ताईचे लग्न जमले होते. कारखान्याला कुलूप लागल्यावर दाजींनी सांगून टाकले की आता या थंडीत पुन्हा पाय ठेवायचा नाही, आणि ते टेंपो चालवू लागले. घुम्याला दुसरे काही येत नव्हते आणि यायला नकोही होते.

"पहिल्यांदा गेलो तेव्हा साहेब स्वतः भेटले," तो म्हणाला. "चहा दिला. दाब किती ठेवता, वास आला तर आधी कुठली झडप बंद करता, सगळं विचारलं. मग पाठीवर थाप मारून म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाच्याच शोधात होतो."

"बघा," मास्तर म्हणाले.

"आणि दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, कळवू."

"हे बघा," जावई म्हणाला.

"दुसऱ्यांदा त्यांनीच बोलावलं, पण साहेब नव्हते. ऑफिसातल्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, तुम्ही कोण? मी नाव सांगितलं. मग कपाटातून टेप काढून माप घेतलं. कोटाचं आणि बुटाचं. आणि लॉकर दाखवला."

"लॉकर?" ताईने विचारले. ती आतापर्यंत काहीच बोलली नव्हती. "कुठला लॉकर?"

"खिडकीशेजारचा. दाराला आतून कुणीतरी घोड्याचं चित्र चिकटवलंय. बाई म्हणाल्या, हा तुमचा, घोडा नको असेल तर खरवडून काढा."

"लॉकर दाखवला, चावी दिली का?" जावयाने विचारले.

"नाही."

"मग तो घोडा बघायला नेलं होतं तुला."

सून फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. मास्तरांनी जावयाकडे नाराजीने पाहिले.

"पुढचं सांग," आई म्हणाली.

"पुढं काय? काहीच नाही. मीच फोन केला. बाई म्हणाल्या, अहो, तुम्ही अजून रुजू नाही झालात? तुमची वाट बघतायत सगळे. मी म्हटलं, मग येऊ उद्या? तर म्हणाल्या, थांबा, विचारून सांगते. सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात परत केला, तेव्हा दुसरंच कुणीतरी होतं. ते म्हणालं, ती जागा भरली वाटतं. मग एक संदेश आला, आपला अर्ज विचाराधीन आहे. आणि काल हे. परवा या."

एवढे बोलून तो दमला. त्याला वाटत होते ते त्याला सांगता येत नव्हते. यंत्रावर त्याला कधी भीती वाटली नव्हती. अमोनिया गळला तर नाकाला आधी कळते; डोळे चुरचुरतात, माणूस धावतो, झडप फिरवतो. धोका कुठून येतोय ते माहीत असते. इथे वासच येत नव्हता. कोणी चहा देत होते, कोणी तुम्ही कोण विचारत होते, आणि आपण कुठल्या झडपेवर हात ठेवायचा हेच कळत नव्हते. अलीकडे खिशातला फोन वाजतोय असे त्याला सारखे वाटायचे. काढून बघावा तर नुसता काळा. आत्ताही मांडीला तो थरथरल्यासारखा झाला. घुम्याने खिशावर हात ठेवला. काही नव्हते. मांडीच थरथरत होती.

"माझं ऐक, घुम्या," जावई पुढे झुकून म्हणाला. "बंदराला हो म्हण. पक्कं ते पक्कं. इथं तुला नुसतं झुलवतायत."

"आणि हिचं काय?" आईने सुनेकडे मान केली. "अशा दिवसांत तिला टाकून जायचं त्यानं?"

"आपण आहोत की. ही येऊन राहील."

"माप घेतल्यावर कुणी झुलवत नाही," मास्तर म्हणाले. "मोठी जागा आहे, वेळ लागतो. परवा बोलावलंय ना? प्रमाणपत्रं मागितलीयत. शेवटचं बटण राहिलंय फक्त."

घुम्याने बापाकडे पाहिले, मग दाजींकडे. दोघांनाही त्याच्याविषयी इतकी खात्री कशी काय, याचेच त्याला भय वाटले.

*

ताई उठून आत स्वयंपाकघरात गेली. हंड्यावरचा पेला हातात घेतला तो तसाच राहिला. बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिने हाक मारली, "अहो, जरा वरचा डबा काढून द्या ना. माझा हात पुरत नाही."

जावई आला. डबा कुठे आहे म्हणून वर पाहू लागला.

"डबा नाही काढायचा," ती हळूच म्हणाली. "घोडा."

"काय?"

"तुम्ही मला त्या दिवशी हसत हसत सांगितलंत. खिडकीजवळचा लॉकर दाखवला, आत घोडा चिकटवलाय, मी काय टांग्यावर नोकरी करणार आहे का म्हणून. तोच घोडा."

जावयाने दाराकडे पाहिले. "हळू बोल."

"तुम्ही म्हणालात गोदामाचं काम आहे. हिशेबाचं. यंत्राचा संबंध नाही म्हणालात."

"मी गेलो तेव्हा गोदामाचंच बोलणं होतं."

"खोटं."

"बरं, खोटं." तो ओट्याला टेकला. टेंपो चालवून चालवून त्याच्या मानेची एक शीर सारखी उडत असे, ती आताही उडत होती. "टेंपोचा मालक गाडी विकतोय. तुला सांगितलं नाही. या महिन्याच्या अखेरीनंतर मी कुठं जाऊ? मला जे काम येतं ते येतं. घुम्याला एकट्यालाच आईच्या पोटातून येत होतं का?"

"त्याला सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं? तुझ्या ताटाशेजारी माझं ताट मांडलंय म्हणून? मला वाटलं, आधी माझं काय होतं ते तर कळू दे. मलाही तेच सांगितलं गं. तुमच्यासारख्या माणसाच्याच शोधात होतो. शब्द न् शब्द तोच. आत्ता तो बोलत होता तेव्हा माझ्या अंगावर काटा आला."

"काटा आला आणि तरी त्याला म्हणालात, बंदराला जा."

त्याने मानेवरची शीर बोटाने दाबून धरली.

"त्याच्या भल्यासाठी म्हणालात की तुमच्या?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. हे मात्र खरे असावे, कारण त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "बंदराला जाणंच त्याच्या भल्याचं आहे असं मला खरंच वाटतं. आणि तो गेला तर माझं होईल असंही वाटतं. दोन्ही एकदमच वाटतं. काय करू?"

ताईने हातातला पेला परत हंड्यावर ठेवला. बाहेर बाबांचा आवाज येत होता. परवा, परवा असे ते म्हणत होते. परवा सकाळी दोघे एकाच बाकावर बसलेले तिला दिसले, एकाच्या मांडीवर प्रमाणपत्रांचे एक पाकीट, दुसऱ्याच्या मांडीवर दुसरे. ते दिसल्यावर तिला असे भय वाटले की आपण आता गप्प बसलो तर आयुष्यभर गप्पच बसावे लागेल. बोललो तर नवऱ्याच्या डोळ्यांत आपण काय होऊ, हेही तिला कळत होते.

"परवा तुम्हालाही बोलावलंय ना?" तिने विचारले.

त्याने मान डोलावली.

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

"तू सांगितलंस तर मी चोर ठरेन."

"मग तुम्ही सांगा."

"आणि मी सांगितलं तर?"

"तरी ठराल," ती म्हणाली. "पण स्वतःच्या तोंडानं."

*

जावई परत येऊन बसला नाही. उभाच राहिला आणि मास्तरांच्या डोक्यावरून भिंतीवरच्या आरशाकडे पाहत म्हणाला, "माझंही माप घेतलंय त्यांनी."

मास्तरांना आधी अर्थ लागला नाही. "कुणी?"

"शीतगृहवाल्यांनी. कोटाचं, बुटाचं. लॉकर दाखवला. तोच. यंत्रावरचीच जागा. परवा मलाही बोलावलंय."

सुनेने गठ्ठ्यावरचे पाय हळूच खाली घेतले.

मास्तरांच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी की हा जावई खोटे बोलतोय. दुसरी अशी की त्याच्या कानाखाली वाजवावी. तिसरी आली तेव्हा त्यांना स्टुलाची कड धरावी लागली. हा खरे बोलत असेल, तर त्या बाईने दोन माणसांना एका कोटासाठी मापले. कदाचित दोनच नव्हे. जो येईल त्याला मापून ठेवत असतील, जसा बाजारात माणूस भाव विचारून ठेवतो.

"कोट एकच शिवणार ना?" ते म्हणाले. आपण काय विचारतोय ते त्यांनाच कळले नाही. "मग दोघांचं माप कशाला घ्यायचं?"

"अहो बाबा, तिथं कोट शिवत नाहीत," ताई म्हणाली. "तयार येतात. लहान, मध्यम, मोठा. माप म्हणजे नुसतं कुठल्या ढिगातला द्यायचा ते."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला सांगायची कुणाची छाती आहे?" आई म्हणाली. मग तिने पदराने तोंड पुसले. "आणि ऐका. मघाशी येताना बघितलं मी. फाटकावर पाटी परत लागलीय. यंत्रावर माणूस पाहिजे. लगेच भेटा."

"मघाशी? आणि आत्ता सांगतेस?"

"तुमच्या तोंडाकडे बघून गिळलं. एवढ्या खुशीत बसला होतात."

मास्तरांना ऐकू येत होते, पण लांबून. ते गेला महिना उलटा चालवत होते. आइस्क्रीमच्या कारखान्यातला माणूस इथे दुकानात येऊन गेला होता. याच टेबलापाशी उभा राहून म्हणाला होता, मुलाला पाठवा, आम्हाला घाई आहे. मास्तरांनी त्याला ऐटीत सांगितले होते की माझ्या मुलाचे माप झाले आहे. तो माणूस कसा बघत राहिला होता! तेव्हा मास्तरांना वाटले होते की त्याला हळहळ वाटली.

"त्या आइस्क्रीमवाल्याकडे आता..." त्यांनी सुरुवात केली.

"भरली ती जागा, बाबा," घुम्या म्हणाला. "मी विचारून आलो. रुग्णालयातलीही भरली."

"कधी विचारलंस?"

"मागच्या आठवड्यात."

"मला बोलला नाहीस."

"बोलून काय झालं असतं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना बरे वाटले असते. राग आलेल्या गिऱ्हाइकाला कपडा उसवून पुन्हा शिवून देता येतो. त्यांनी गळ्यातला टेप ओढून काढला, टेबलावर ठेवला, आणि आता हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचेना.

"घुम्या," जावई म्हणाला. "मी परवा जात नाही. माघार घेतो मी."

"कशातून माघार घेताय, दाजी?" घुम्या म्हणाला. "आपल्याला कुणी काही दिलंय का? तुम्ही नाही गेलात तर तिसरा बसलेला असेल तिथं. त्यालाही घोडा दाखवला असेल."

जावई मटकन बसला. "शिव्या तरी दे रे."

"पुढच्या वेळी देतो. आज खूप बोललोय."

कोणी हसले नाही, पण ताईच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ते तिने पुसले नाही.

"उन्हं उतरली," आई म्हणाली. "कार्यालय बंद होईल त्यांचं. काय ते ठरवा."

सगळे मास्तरांकडे बघू लागले. सवयच होती ती. मास्तर मात्र मुलाकडे बघत होते, आणि या घरात पहिल्यांदाच ते म्हणाले, "तू सांग."

*

सून मघापासून सगळ्यांचे चेहरे पाहत होती. तिला कोणी काही विचारले नव्हते. नवरा इथे राहिला तर दिवसभर तो खिशावर हात ठेवून बसणार, आणि त्याच्याकडे बघून तिच्या पोटातले पोरही कसे गप्प होते, हे तिला कोणाला सांगता येत नव्हते. गेला तर ती या खोलीत मशीनच्या आवाजात एकटी. सासूबाई होत्या, ताई येणार होत्या. पण कळा आल्या की आवाज कोणाला द्यायचा हे तिने ठरवून ठेवले होते आणि तो माणूस एक दिवसाच्या वाटेवर असणार होता.

घुम्याने फोन काढला. त्याने तिच्याकडे पाहिले. तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही कळले नाही. त्याने नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला.

"हॅलो?" पलीकडे वाऱ्याचा आवाज होता आणि कोणीतरी पेट्या आपटत होते.

"सकाळी बोललो होतो आपण. मशीन ऑपरेटरच्या कामाचं. मी येतो. हो आहे माझं."

"कोण? हां, हां, तुम्ही. बरं झालं फोन केलात. या की, या."

मास्तरांनी श्वास सोडला.

"उद्या रात्रपाळीला हजर होतो मी."

"हो, या. म्हणजे कसंय, साहेब बाहेर गेलेत. आज दुपारी आणखी एक जण येऊन गेला, जवळचाच आहे. त्याचं काय ठरलंय मला नक्की माहीत नाही. पण तुम्ही या."

"सकाळी तुम्ही म्हणालात, हो म्हटलं की पक्कं."

"पक्कंच आहे हो. मी कुठं नाही म्हणतोय? या तुम्ही, आल्यावर बघू. आणि हे बघा, येताना अंथरूण-पांघरूण घेऊन या. खोलीत काही नाही. हॅलो? बंद करतोय मी, निघायची वेळ झाली." फोन बंद झाला.

खोलीत मशीनच्या चाकाची सावली भिंतीवर लांब पडली होती. कोणी दिवा लावला नव्हता.

"अंथरूण आणायला सांगितलं," मास्तर म्हणाले, "म्हणजे..." आणि ते थांबले. त्यांनी आपणहून तोंड मिटले, आणि ते बघून सुनेला एकदम रडू फुटेल असे वाटले.

"आल्यावर बघू म्हणाला तो," जावई म्हणाला.

"पक्कं आहे असंही म्हणाला," आई म्हणाली.

"पक्कं असतं तर बघायचं काय राहतं?"

"पण मग अंथरूण..."

"पुरे," घुम्या म्हणाला. फार मोठ्याने नाही. "मी जातोय. पहाटेची गाडी आहे. दाजी, परवा तुम्ही जा तिकडं. प्रमाणपत्रं नीट लावून न्या, तुमचं दुसरं पान नेहमी सुटतं."

जावयाने मान खाली घातली. ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि पुन्हा ठेवला.

सून भिंतीचा आधार घेऊन उठली. कोणीतरी हात द्यायला पुढे झाले, तिने नको म्हणून खूण केली. आतल्या खोलीच्या दारात ती थांबली.

"एकाचं बांधू की दोघांचं?" तिने विचारले.

घुम्याची नजर तिच्या पोटावर गेली. "तिथं दवाखाना आहे का," तो म्हणाला, "ते विचारलंच नाही मी."

"मग परत लावा."

त्याने लावला. आवाज अजून मोठाच होता. पलीकडे घंटी वाजू लागली. सगळे ऐकत होते. वाजून वाजून ती आपोआप थांबली. त्याने पुन्हा लावला. पुन्हा वाजू लागली.

सून आत गेली. बाहेरून घंटीचा आवाज येतच होता. तिने अंधारातच सतरंजी खाली पसरली, तिच्यावर गोधडी टाकली, फळीवरून दोन उशा काढल्या. मग एक परत फळीवर ठेवली. दारापाशी जाऊन तिने कान दिला, मग फळीकडे परत आली आणि ती उशी पुन्हा खाली घेतली.